फळांची बिअर आणि आमची आसवे

फळे घालून आंबवलेल्या बिअरला व वाइनला ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ अशी नवी प्रतिष्ठा मिळू लागली आहे. ‘जांभळाची असेल तर मधुमेहात चालेल ना?’ असा प्रश्न आता रुग्ण वैद्यांनाच विचारतात. त्याचे उत्तर आपण स्पष्टपणे दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

फळसंधान आपणांस नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात ८४ आसवे सांगितली असून त्यांतील सर्वाधिक, म्हणजे २६, फलासवे आहेत. द्राक्षा, आमलक, परूषक, बदर आणि जांभूळही त्यांत आहे. १८७२ पासून श्री धूतपापेश्वरसारखी औषधनिर्मितीची परंपरा लाभलेल्या पनवेलकरांस तर हे वेगळे सांगावयास नको.

परंतु फळ घातले म्हणजे त्याचा गुण उतरलाच, असे नव्हे. बेल्जियममध्ये ‘क्रीक’ या बिअरसाठी आंबट चेरी आधी आंबवलेल्या बिअरमध्ये घालतात. पहिला जोमदार वेग ओसरलेला असल्याने फळाचा सुगंध वायूबरोबर फारसा उडून जात नाही. यीस्ट साखर खाते; गोडी जाते, आम्लता आणि सालीची तुरट चव उरते. मद्यार्क सालीतील पॉलिफेनॉल द्रव्ये ओढून घेतो. मात्र रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये काही अंशी यीस्टला चिकटून गाळात बसतात आणि पुढे प्राणवायू, उष्णता व काळ यांमुळे घटत जातात. शिवाय परीक्षानळीत दिसलेला गुण शरीरात तसाच प्रकटतो, असे गृहीत धरता येत नाही. उलट, मद्यपेये कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिला आहे. भारतातील २०१८ च्या मद्यपेय मानकांनीही बाटलीवर आरोग्यविषयक दावा करण्यास मनाई केली आहे.

मद्यविक्रेत्यास जे वर्ज्य, ते औषधालयाच्या फळीवर आपण का करावे? आसवारिष्टांतही स्वयंजनित मद्यार्क असतो, बहुधा ५ ते १० टक्के. ते औषध ठरते ते रोगी, मात्रा आणि काल पाहून, समभाग पाण्यासह १५ ते ३० मिलिलिटर दिल्यामुळे. ‘अँटिऑक्सिडंट टॉनिक’ म्हणून वैद्याच्या सल्ल्याविना बाटली विकली, की तिच्यात आणि बिअरमध्ये अंतर ते किती उरले?

दुसरे कर्तव्य मोजमापाचे आहे. आसवारिष्टांस नियमाने १० वर्षांची मुदत आहे. ‘जुने ते उत्तम’ हा आपला विश्वासही आहे. मग एकाच घाण्याचे तीन नमुने, संधानापूर्वी, संधान पूर्ण होताच आणि एक वर्षानंतर, घेऊन पॉलिफेनॉल, अँथोसायनिन, आम्लता व मद्यार्क का मोजू नयेत? निष्कर्ष प्रतिकूल आला तरी शास्त्राची हानी नाही. कारण आसवाचे कार्य एका द्रव्यगटावर अवलंबून नाही.

औषधनिर्माते व औषधालयचालक बंधुभगिनींना आमची विनंती आहे: मोजल्याविना लेबलावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापू नका, आणि रुग्णास निःसंकोच सांगा, की जांभळाची बिअर ही बिअरच होय.