गॅलरी नवी, संघ कुठं?

मंत्रालयात काम घेऊन गेलेल्या चिमूरकराला 'उद्या या' हे ऐकायची सवय असते. अशी एखादी दुपार हाताशी उरली, तर पायीपायी जाऊन कुपरेजचं फुटबॉल मैदान पाहून यावं. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधोमध कृत्रिम गवताचा हिरवागार चौकोन. वरती दिवे, कडेला नव्या खुर्च्या. सगळं कसं लख्ख. मात्र ज्या गर्दीनं या मैदानाचं नाव केलं, ती आता तिथं नसते.

मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच जायचा. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघानं तो जिंकला, तेव्हा कुठं एका भारतीय संघाचं नाव त्यावर लागलं. पुढं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. रोव्हर्स आणि कुपरेज ही दोन नावं मुंबईकर एका श्वासात घ्यायचे.

मुंबईचे स्वतःचे संघही तगडे होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट. पाय चांगला चालणाऱ्या पोराला नोकरी मिळायची, पगार सुरू व्हायचा आणि साहेबच त्याला सरावासाठी सोडायचे. नेव्हिल डिसोझा याच मुंबईत खेळला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यानं यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत चौथा आला. त्याच्या जिवावर आपण आजही छाती फुगवतो.

मग गिरण्या गेल्या. कंपन्यांना संघ पोसणं जड वाटू लागलं. रोव्हर्स चषक या शतकाच्या तोंडावर थांबला. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड 2010 मध्ये गुंडाळला गेला. कुपरेजवर कृत्रिम गवत अंथरलं गेलं ते या पडझडीनंतर. त्या गवतावर खेळलेला मुंबई एफसीही 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. घर रंगवून झालं आणि घरात माणूसच नाही, असा हा प्रकार. कृत्रिम गवताला माझा विरोध नाही, पावसाळ्यात ते उपयोगीच पडतं. पण नूतनीकरणाच्या खर्चात एखाद्या खेळाडूची नोकरी कधी धरलेली असते का?

याच महाराष्ट्रात कोल्हापूरचं शाहू स्टेडियम बघा. तिथं लोक पायऱ्यांवर बसतात आणि तिकीट काढून बसतात. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: संघ तालमींचे. जिथं कुस्ती घुमली, तिथल्याच पेठांनी फुटबॉलही पोसला. सामना असला की पेठेतली पोरं झेंडे घेऊन निघतात. कधी हुल्लडबाजी इतकी होते की सामने थांबवावे लागतात. ते मी चांगलं म्हणणार नाही, पण रिकाम्या खुर्च्यांपुढं ते भांडणही जिवंत वाटतं. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

नवं बांधताना नेमकं कोण बाहेर पडतं, हे ब्राझीलनंही पाहिलंय. रिओच्या माराकानात उभ्यानं सामना पाहायची सगळ्यात स्वस्त जागा होती. ती 2005 मध्ये काढून टाकली. स्टेडियम देखणं झालं, गरीब घरी बसला.

आता आपल्याकडं येऊ. विदर्भाला फुटबॉल नवा नाही. कामठीच्या छावणीच्या गावात रब्बानी क्लबसारखे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळताहेत. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली, त्यांच्या हाती चेंडू दिला आणि 2001 मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. स्टेडियम त्यात कुठंच नव्हतं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तर कितीतरी वर्षं देशाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. पण झाडीपट्टीच्या पोट्ट्यांपर्यंत त्यातलं काय पोचलं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

धान कापून झालं की आपल्याकडं बांध्यांमध्ये बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात. धुऱ्यावरून चेंडू पलीकडं गेला की बाद, पायाला धसकटं टोचतात, खेळ काही थांबत नाही. तालुक्याच्या गावी मैदान म्हणावं, तर ते सभेला, प्रदर्शनाला आणि गाडी शिकायला. क्रीडा संकुल म्हटलं की आपल्याकडं आधी आठवते ती संरक्षक भिंत, मग फाटक, मग कुलूप.

म्हणून चिमूर तालुक्यातल्या क्रीडा संकुलाचे नकाशे ज्यांच्या टेबलावर जातात, त्यांना एवढंच मागणं आहे. 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद अशी सपाट जमीन मोकळी राखा. संध्याकाळी फाटक उघडं ठेवा. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वरोऱ्याच्या संघांशी दर हिवाळ्यात सामने लावा आणि त्यांच्या एसटीभाड्याची तरतूद आधी करा. गॅलरी मागाहून बांधली तरी चालेल.