ओळखीतला भाडेकरू

मंडळी, आपल्यापैकी अनेकांचा पुण्याला नाहीतर ठाण्याला एखादा फ्लॅट असतो, 'परत जाऊ तेव्हा' म्हणून घेतलेला. परत जाणं लांबतं, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र चुकत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "ओळखीतलाच माणूस आहे, देऊन टाक. कागद कशाला?"

भाडेकरू म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांना धडकी भरते, ती उगाच नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडेकरूला हलवणं महाकठीण होतं. त्यावर तोड म्हणून लोक लीव्ह अँड लायसेन्सवर जागा देऊ लागले. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी करार चालू असलेल्या लायसेन्सींनाही कायद्याच्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं!

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र बदललं. मुदत संपूनही राहत्या घरातून लायसेन्सी हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण करार लेखी आणि रजिस्टर केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. खोट्या ठरवायचं काम आपल्या गळ्यात. वर मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. म्हणजे परक्या माणसाच्या पक्क्या करारापेक्षा ओळखीच्याचा तोंडी शब्द जास्त महागात पडतो.

शिवाय त्रास होतो तो आईवडिलांना. आमच्या परिचयातले एक सत्तरीचे गृहस्थ मुलाच्या फ्लॅटचं थकलेलं भाडं मागायला महिनोन् महिने खेपा घालत होते. करार तोंडी, पावती एकही नाही. मुलगा अमेरिकेतून फोनवर सांगायचा, "बाबा, जरा दमात घ्या की!" बाबांनी कुणाला आणि कुठल्या अधिकाराने दमात घ्यायचं? त्यांना निदान कुलमुखत्यारपत्र द्या. ते इथल्या नोटरीसमोर किंवा आपल्या वकिलातीत करावं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरावी.

कराचंही आधीच बोलून घ्या. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस कापून सरकारजमा करायचा असतो. ते भाडं इथल्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा करार बाहेर काढून मुदतीची तारीख बघा. आणि करारच नसेल, तर चहा-पोहे नंतर, आधी वकील गाठा!