सर्पदंश : ‘थोडं देऊन पाहू’ हा उपचार नव्हे

साप चावल्यावर भगताकडे जाणाऱ्यांना आम्ही डॉक्टर नावं ठेवतो. पण आमच्यातलेच काही जण प्रतिसर्पविषाच्या दोन कुप्या देऊन ‘आता मुंबईला न्या’ म्हणतात, त्याचं काय?

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. विषबाधेची लक्षणं नसतील तर निरीक्षण. दिसली तर पहिला डोस १० कुप्यांचा. लहान मुलालाही तेवढाच, कारण मूल बघून साप विष कमी सोडत नाही. त्वचेवर टेस्ट डोस नको. त्यातून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. रिअ‍ॅक्शनची भीती खरी आहे, त्यासाठी अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवायचं असतं. घोणस, फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. ते तपासायला काचेची स्वच्छ, कोरडी नळी आणि २० मिनिटं पुरतात. ‘लॅब नाही’ ही सबब चालणार नाही.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलं. नुसत्या घोषणेने ते होणार नाही.

नातेवाइकांनो, दोरी आवळू नका, जखम कापू नका, १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात विचारा : ‘रक्त गोठतंय का पाहिलं? कुप्या किती दिल्या?’ हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे.