फोटोत आम्ही कसे दिसायचं, हे ठरवणार कोण?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एका कंपनीने पुस्तकं आणि टेबल-खुर्च्या दिल्या. कंपनीच्या संकेतस्थळावर त्यावर लेख येणार होता, म्हणून त्यांनी फोटो मागितला. आम्ही पाठवला. बारावीतली मुलगी, तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने काढलेला. समोर भौतिकशास्त्राचं पुस्तक, मागे भिंतीवर बाबासाहेब. उत्तर आलं, "फोटो छान आहे, पण यातून गरज दिसत नाही. लहान मुलांचा, जरा इमोशनल मिळेल का?"

आम्ही नाही म्हणालो. लेख आला तेव्हा त्यावर विकतचा फोटो होता: अनवाणी, मळक्या कपड्यांतली, हात पुढे केलेली मुलं. आमच्या वस्तीतलं एकही मूल त्यात नव्हतं. नाव मात्र आमच्या वस्तीचं.

त्याच संकेतस्थळावर 'नेतृत्व', 'नवी कल्पना', 'यश' असेही लेख आहेत. तिथे काचेची ऑफिसं, लॅपटॉप, इस्त्रीचे कपडे. म्हणजे डोकं त्यांचं आणि पसरलेला हात आमचा! ही वाटणी नवी आहे का? वर्णव्यवस्थेने हीच वाटणी केली होती. आता ती फोटोतून होते, एवढंच.

आणि मदत कसली? कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे, दान नाही. पण केविलवाणा चेहरा वर लावला की जबाबदारीचं दान होतं आणि नागरिकाचा लाभार्थी होतो.

कुणी म्हणेल, फोटोच तर आहे, एवढं काय? डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडं नेसण्याची पद्धत आणि ते दागिने सोडा. आपण कसे दिसायचं हे दुसऱ्याने ठरवणं म्हणजेच गुलामी, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा कोट-टाय ही हौस नव्हती, ते उत्तर होतं.

दुसरा आक्षेप: मग काय दारिद्र्य लपवायचं? मुळीच नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. त्यात घाण आहे, गटार आहे, पण माणूसही आहे आणि त्याला तिथे उतरवणाऱ्या व्यवस्थेवर आरोप आहे. विकतच्या फोटोत आरोप नसतो, फक्त कीव असते. कीव आली की प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

14 एप्रिलला याच कंपन्या काय लावतात? तोच निळा कोट, तेच संविधान, शेजारी कंपनीचं बोधचिन्ह. संविधान आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. पण 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणारे, धनबादच्या कोळसा खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहणारे बाबासाहेब कंपनीच्या भिंतीवर का चालत नाहीत? कारण ते बाबासाहेब कामाचे तास विचारतील. कंत्राटी सफाई कामगाराचा पगार विचारतील. वरच्या मजल्यावर आमची किती माणसं आहेत, हेही विचारतील.

आमचं म्हणणं साधं आहे. आमच्यावर लिहिताय, तर फोटो आमच्याच वस्तीतला लावा. ज्याचा फोटो, त्याची परवानगी घ्या. फोटो निवडताना त्याचं मत विचारा. तुमच्या ऑफिसात आमचा इंजिनिअर, आमची हिशेबनीस असेल तर 'यश'च्या लेखावर त्यांचा चेहरा येऊ द्या. नसेल, तर फोटो शोधत बसू नका. आधी भरती करा.

आणि आपल्या संस्थांनाही सांगणं आहे. निधी मिळावा म्हणून आपली मुलं रडवेली करून उभी करू नका. त्या मुलीने विचारलं, "दादा, माझा फोटो का नाही लावला?" तिला काय उत्तर द्यायचं, ते तुम्हीच सांगा.

जय भीम!