'हुबेहूब'च्या पुढे

वाशिममध्ये गेल्या आठवड्यात एका निवृत्त गुरुजींच्या तैलचित्राचं अनावरण झालं. पडदा सरला, टाळ्या पडल्या, चहूकडून एकच शब्द आला, 'हुबेहूब!' आणि मंडळी चहा-चिवड्याकडे वळली.

मी थांबलो. गालाच्या सावलीत चित्रकारानं चक्क हिरवट रंग लावला होता. नाक टेकवून पाहिलं तर नुसता डाग. चार पावलं मागं सरलो, तर तोच डाग गालाखालची खोली झाला. शेजारच्या तांबूस रंगाला ऊब आली ती या हिरव्यामुळेच. सदऱ्याची कॉलर म्हणजे ब्रशचे तीन जाड फटकारे, बाकी काही नाही.

हुबेहूब तर मोबाइलही काढतो. चित्रकारानं काय लावलं आणि काय सोडलं, ते पाहायचं असतं. सा. ल. हळदणकरांनी निरांजन घेतलेल्या आपल्या मुलीचं जलरंगात केलेलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड तांबूस होऊन झिरपतो. जलरंगात चुकलेला हात सहज झाकता येत नाही. पारदर्शक रंगातला उजेड हा मुळात खालच्या कागदाचाच असतो.

आणि वाशिमकरांना चेहरे वाचणं परकं का वाटावं? हे गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवलं. तसा शिलालेखच तिथं आहे. त्या लेण्यातल्या चित्रात बुद्धाचा भाऊ नंद याच्या संन्यासाची बातमी कळून कोसळणारी त्याची पत्नी सुंदरी आहे. रंग म्हणाल तर मुख्यतः गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असले साधेच. पण कललेली मान आणि मिटत आलेल्या पापण्या पाहा. तिथं एक रेघ जरी ताठ पडली असती, तरी ती बाई नुसती झोपलेली वाटली असती. दुःख रेघेच्या ढिलाईत आहे.

गुरुजी बशी घेऊन शेजारी आले. "काय पाहताय एवढं?"

"कॉलर. तीन फटकाऱ्यांत चुरगळलीय."

ते चित्राजवळ गेले, मग मागं सरकले. पुन्हा जवळ गेले.

"सदरा इस्त्रीचा कधी घातलाच नाही मी," म्हणाले. बशीतला चिवडा तसाच राहिला.