मोटार मोठी, विमान तेच

जुन्या नाशकातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा नववीत आहे. रिमोटवर उडणारे फोमचे विमान त्याने स्वतः बांधले. आता त्याला मोठी मोटार आणि तीन सेलची बॅटरी हवी आहे. पैसे द्यावेत का, असे त्या विचारतात. जरूर द्यावेत, पण आधी त्याच्याकडून हिशेब मांडून घ्यावा.

हा हिशेब मोठ्या विमानांनाही चुकत नाही. आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-1ए 17 ऑक्टोबर 2025 रोजी उडाले. त्याचे इंजिन एफ-404. पुढच्या मार्क-2 साठी जास्त ताकदीचे एफ-414 ठरले, तेव्हा नुसते इंजिन बदलून भागले नाही. विमानच नव्याने आखावे लागले, ते लांबीनेही वाढले.

आता घरातले विमान. लिथियम पॉलिमर, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘लायपो’, बॅटरीच्या एका सेलचे 3.7 व्होल्ट. दोन सेलचे 7.4, तिनाचे 11.1. व्होल्ट दीडपट झाले की मोटारीचे फेरेही जवळपास दीडपट होतात. पंखा मात्र तोच राहिला तर करंट दीडपटीवर थांबत नाही, दुपटीच्या आसपास जातो. कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आधी 8 अँपिअर ओढणारी मोटार 16 मागू लागते. मधला स्पीड कंट्रोलर 12 अँपिअरचा असेल तर तो हवेतच जळू शकतो. लहान विमानात रिसीव्हरला वीज बहुधा त्याच्यातूनच मिळते, म्हणजे रिमोटचा ताबाही गेला. खाली कोणी उभे असेल तर?

म्हणून तीन सेल लावायचे तर पंखा लहान घ्यावा, नाहीतर कमी केव्हीची मोटार. केव्ही म्हणजे मोटार रिकामी फिरताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, हा मुलांचा आवडता गैरसमज आहे. शिकाऊ विमानाला किलोमागे 150 ते 200 वॅट पुरतात. 700 ग्रॅमच्या विमानाला 140 वॅट, म्हणजे 11.1 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर. इतका गुणाकार नववीच्या मुलाला यायलाच हवा! नवी मोटार घेण्याआधी वॅटमीटर घेऊन द्या. तो लावून जमिनीवरच सगळे मोजता येते. विमान मात्र घट्ट धरलेले आणि बोटे पंख्यापासून लांब हवीत.

वजनाचेही तसेच. जड बॅटरी पुढे ठेवली की नाक खाली जाते, हलकी ठेवली की शेपूट जड होते. शेपूट जड झालेले विमान सावरणे फार कठीण. बॅटरी मागेपुढे सरकवून तोल पूर्वीच्याच खुणेवर आणावा.

चार्जिंगकडे मात्र आईवडिलांनी स्वतः लक्ष द्यावे. लायपो पेटली तर आग झपाट्याने पसरते. गादीवर, पलंगाखाली, रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. उघड्या फरशीवर, जवळ कोणी बसलेले असताना, बॅलन्स चार्जरनेच करावे. 1300 एमएएचच्या बॅटरीला 1.3 अँपिअर पुरे. उडवताना पूर्ण रिकामी करू नये, पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच उतरवावे. आठवडाभर पडून राहणार असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. मुले कुतूहलाने नेमके तेच करतात.

उडवायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. ओझरचा विमानतळ, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, देवळालीचा तोफखाना, असे आपले शहर वेढलेले आहे. गल्लीतल्या गच्चीवरून तर नकोच. ड्रोनचे 2021 चे नियम अशा मॉडेल विमानांनाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या भागात आहे का, हे मुलासोबत बसून पाहावे आणि मगच मोकळे रान शोधावे.