जातीचा रकाना कुठाय?

दोस्तांनो, भांडवलशाहीनं नवा मुखवटा चढवलाय. त्याचं नाव शाश्वतता. कंपनी झाडं किती लावते, पाणी किती वापरते, कार्बन किती सोडते, याचा हिशेब दरसाल गुळगुळीत कागदावर निघतो. तो हिशेब लिहिणारा एक हमाल मी आहे. राहतो सांडोरला, वसईहून लोकलला लोंबकळत मुंबईच्या हापिसात जातो आणि साहेबांच्या सहीसाठी रकाने भरतो. म्हणून आतलं सांगतो.

सेबीनं 2021 साली फर्मान काढलं. 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा झाला. बीआरएसआर म्हणतात त्याला. कामगार कायम किती, बिनकायम किती, बाया किती, अपंग किती, सगळं मोजायचं. आणि जात? तिला रकानाच नाही! झाडू कुणाच्या हाती नि पेन कुणाच्या हाती हे ज्या देशात जन्माआधी ठरतं, तिथं कार्बन टनात मोजतात आणि जात झाकून ठेवतात. साहेब म्हणतो, जात विचारणं म्हणजे जातीयवाद. नोकरी देताना आडनाव विचारतोस तेव्हा रे?

एक रकाना आहे: कामाच्या जागी भेदभावाच्या तक्रारी. आमच्याकडं तिथं शून्य पडतं. पडणारच. कंत्राटी झाडूवाला तक्रार करील कुणाकडं? आज तोंड उघडलं तर उद्या गेटपास बंद. हे शून्य न्यायाचं नाही, दहशतीचं आहे.

9 एप्रिल 2024 ला आमच्याच तालुक्यात, विरारच्या ग्लोबल सिटीत, सांडपाणी केंद्र साफ करायला उतरलेले 4 कामगार गुदमरून मेले. साधनांशिवाय असं कुणाला उतरवायचं नाही, हा कायदा 2013 चा. कायदा जिवंत, माणसं मेली. अहवालात मृत्यूचा रकाना आहे. पण टाकीत उतरायला पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या वस्तीतला पोरगा बोलावतात, हे विचारायला रकाना नाही.

बड्या गुंतवणूकदाराचं पत्र आलं की हापिसात धावपळ उडते. रात्र रात्र जागून उत्तर जातं. सफाईवाला हातमोजे मागतो, त्याला उत्तर नाही. पैशाला जबाब, घामाला लाथ.

पण गुंतवणूकदार कोण? नीट बघा! आपल्या पीएफचा पैसा 2015 पासून शेअर बाजारात जातोय. कंत्राटी कामगाराच्या पगारातून कापलेलासुद्धा. म्हणजे झाडूवाल्या भावा, त्या कंपन्यांत तुझाही पैसा आहे. प्रश्न विचारायचा हक्क तुझा बापाचा आहे.

आणि हे जगात झालेलं आहे. अमेरिकेत 1966 पासून मोठ्या कंपन्यांना काळे किती, गोरे किती, कुठल्या पायरीवर, हे सरकारला कळवावं लागलं. 2020 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पेन्शन फंडांनी तेच आकडे जाहीर करा म्हणून कंपन्यांना धरलं. बऱ्याच कंपन्यांनी केले. आभाळ कोसळलं नाही.

इथं 2025 मध्ये जनगणनेत जात मोजायचं केंद्र सरकारनंच ठरवलं. मग कंपनीची सोवळी खुर्ची का सुटावी? संचालकापासून संडास धुणाऱ्यापर्यंत, पायरीपायरीनं, जात मोजा आणि छापा. ही मागणी युनियनमध्ये घ्या. पीएफ हापिसासमोर बसा, सेबीला पत्रं धाडा. आमच्या पैशावर चालणाऱ्यांनो, झाडं खूप मोजलीत. आता आम्हाला हिशेब द्या!